मीठ-साखरेचे दार

परवा सहावीच्या वर्गात जलसंजीवनीचा विषय निघाला. जुलाब झाले की मीठ-साखरेचे पाणी द्यावे, असे मी सांगत होतो. मागच्या ओळीतून एका मुलीने विचारले, "गुरुजी, जुलाबात अंगातलं पाणी जातं, मीठ जातं. मग साखर कशाला घालायची?" मी पटकन म्हणालो, "अगं, ताकद यावी म्हणून." घरी जाऊन पुस्तक उघडले, तेव्हा कळले की माझे उत्तर चुकलेच. चूक वर्गात झाली, तेव्हा दुरुस्तीही सर्वांसमोर व्हावी म्हणून हे लिहीत आहे.

मुलांनो, आपले शरीर पेशींचे बनलेले आहे हे तुम्ही शिकलात. प्रत्येक पेशीभोवती एक पडदा असतो. त्याला पेशीपटल म्हणतात. हा पडदा इतका पातळ, की असे सव्वा लाख पडदे एकावर एक ठेवले तर कुठे एक मिलिमीटर जाडी होईल. साध्या सूक्ष्मदर्शकातून तो नीट दिसतसुद्धा नाही.

पडदा कशाचा? मुख्यतः स्निग्ध पदार्थाचा, म्हणजे तेला-तुपाच्या जातीचा. त्याच्या प्रत्येक कणाला एक डोके आणि दोन पाय आहेत असे समजा. डोक्याला पाणी आवडते, पायांना अजिबात नाही. पेशीच्या आत पाणी, बाहेरही पाणी. मग हे कण काय करतात? नागपंचमीला मुली फुगडी घालतात ती आठवा. पाय जवळ, डोकी लांब. तसेच हे कण दोन थरांत समोरासमोर उभे राहतात. पाय मध्ये लपतात, डोकी दोन्हीकडच्या पाण्यात. १९२५ साली हॉलंडमध्ये गॉर्टर व ग्रेंडेल यांनी रक्तातील तांबड्या पेशींचा स्निग्ध भाग काढून पाण्यावर पसरला. तो त्या पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागेवर पसरला. म्हणजे थर दोन!

हे कण जागच्या जागी खिळलेले नसतात, थरातल्या थरात सरकत असतात. त्यांच्यामध्ये कोलेस्टेरॉल असते, ते पडद्याला फार पातळ वा फार ताठ होऊ देत नाही. (कोलेस्टेरॉल म्हणजे नुसते वाईटच, असे घरी कोणी म्हणाले तर एवढे जरूर सांगा.) आणि या तेलकट थरात, तळ्यात होड्या असाव्यात तशी प्रथिने बसलेली असतात. हे चित्र सिंगर आणि निकोलसन यांनी १९७२ साली मांडले.

आता मूळ प्रश्न. मिठातील सोडियमच्या कणावर विद्युतभार असतो. साखरेचा कण मोठा आणि पाण्याच्या ओढीचा. तेलकट थरातून दोघांनाही वाट मिळत नाही. त्यांच्यासाठी प्रथिनांची दारे असतात. लहान आतड्याच्या पेशींना एक मोठे मजेशीर दार आहे. ते एकट्याला आत घेत नाही. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक कण, अशी जोडी जमली तरच आत सोडते. आपली घरची साखर पोटात फुटते आणि तिच्यातून ग्लुकोज मिळते. मीठ व साखर आत शिरली की त्यांच्यामागोमाग पाणीही आत ओढले जाते. म्हणजे साखर ताकदीसाठी नव्हे, मिठाला आत नेण्यासाठी! ही गोष्ट १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी मांडली.

पटकीच्या विषाने आतड्याच्या पेशी पाणी आणि क्षार बाहेर ओतू लागतात. पण हे जोडदार तेव्हाही चालूच असते. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडू लागले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांकडूनच रोग्यांना पाजवले. एरवी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. तिथे ते प्रमाण शंभरात चारच्याही खाली आले.

आपल्याकडे अजून काही आज्या म्हणतात, "पाणी पाजू नका, जुलाब वाढतील." त्यांना या दाराची गोष्ट सांगा. आशाताईंकडची पुडी मिळाली तर उत्तमच. ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवायची. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घोट-घोट पाजायचे. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध तोडायचे नाही. बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले, पाणीही पीत नसेल, तर थेट दवाखाना.

माप मात्र चुकवू नका. जास्त मीठ तर घातकच, पण जास्त साखरही उलटते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते ना? तसे आतड्यात साखर फार झाली, की ती अंगातलेच पाणी बाहेर ओढते. खिडकीत दोन वाट्या ठेवल्या आहेत. एकीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे दाट पाणी, दोन्हींत बटाट्याच्या सारख्या फोडी. मधल्या सुट्टीत हात धुऊन दोन्ही दाबून पाहा आणि कोणती लुळी पडली ते फळ्यावर लिहा.