चांदी नसली तरी हाय ब्राउनच

हाय ब्राउन फ्रिटिलरी या युरोपीय फुलपाखराचं पुस्तकातलं चित्र ठरलेलं असतं: वरून नारिंगी पंखांवर काळे ठिपके, खालून मागच्या पंखावर टपोरे चंदेरी ठिपके. त्यावरून समज होतो, की चांदी दिसली नाही तर जात वेगळी. वस्तुस्थिती अशी, की इटलीत आणि बाल्कन देशांत चांदीचा लवलेश नसलेली, खालून नुसती पिवळट-बदामी हाय ब्राउन सर्रास उडते. ‘क्लिओडॉक्सा’ म्हणतात ते हेच रूप. जात तीच.

मग काही जण पुढचा तर्क लढवतात: चांदी नाही, म्हणजे ही नायोबी फ्रिटिलरी. पण नायोबीतही चंदेरी आणि बिनचांदीची अशी दोन्ही रूपं आहेत. ‘एरिस’ हे बिनचांदीचं रूप तर कित्येक भागांत जास्त आढळतं. थोडक्यात, या जोडीचा निकाल चांदीवर लावताच येत नाही. नायोबीत मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला, बुडाजवळ एक बारीक पिवळा ठिपका असतो, पुष्कळदा मधोमध काळं टिंब असलेला. शिराही काळ्या रेघांनी उठून दिसतात. या खुणा दर वेळी ठळक नसतात, हीच तर अडचण. फोटो वरूनच मिळाला असेल तर नराच्या पुढच्या पंखावरच्या शिरा पाहाव्यात. हाय ब्राउनमध्ये त्यातल्या दोन शिरा गंधखवल्यांमुळे जाडसर दिसतात; नायोबीत त्या बारीक असतात किंवा दिसतच नाहीत.

खालून हिरवट छटा म्हणजे डार्क ग्रीन फ्रिटिलरी, हाही समज पक्का बसलेला. स्पेन-पोर्तुगालमधल्या हाय ब्राउन खालून चांगल्याच हिरवट असतात, त्यामुळे तिथे तो नियम कोलमडतो. खरा फरक वलयांत आहे. हाय ब्राउनच्या मागच्या पंखाखाली, कडेच्या ठिपक्यांच्या आतल्या बाजूला तांबूस वलयांची ओळ असते, डार्क ग्रीनमध्ये ती नसते. क्लिओडॉक्सात चांदी गेली तरी वलयं राहतात. आपल्याकडे काश्मीरला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण डार्क ग्रीनचा पसारा तिथवर आहे.

जुन्या पुस्तकांत या तिन्ही जाती ‘आर्जिनिस’ प्रजातीत (जीनसमध्ये), नव्यांत पहिल्या दोन ‘फॅब्रिसियाना’त आणि डार्क ग्रीन ‘स्पेयेरिया’त. त्यावरून ही वेगळी फुलपाखरं समजू नयेत.

माझ्या मते रंगाच्याही आधी जागा पाहावी. ब्रिटनमध्ये नायोबी नाहीच, त्यामुळे तिथला पेच दोघींपुरता उरतो. आणि हाय ब्राउन तिथे मोरकॅम्ब उपसागराजवळचा चुनखडीचा प्रदेश, डार्टमूर, एक्समूर आणि वेल्समधलं ग्लॅमॉर्गन अशा मोजक्याच ठिकाणी उरली आहे. दक्षिण युरोपात मात्र खालच्या बाजूचा किंवा नराच्या शिरांचा स्पष्ट फोटो नसेल, तर नोंदीत ‘हाय ब्राउन किंवा नायोबी’ असंच लिहावं. ती नोंद अपुरी असेल, पण चुकीची नसेल.