बाटली आपली, ताट त्यांचं

शुक्रवारची संध्याकाळ. न्यू जर्सीतल्या नटली गावात, फ्रँकलिन अव्हेन्यूवरच्या एका छोट्या इटालियन खानावळीत आम्ही चौघं शिरतोय आणि भाऊजींच्या हातात नाशिकच्या साडीच्या दुकानाची कापडी पिशवी आहे. पिशवीतून बाटल्या किणकिणतात. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन पावलं मागे राहून चालतात. माळकरी बाई, या पिशवीशी आपला संबंध नाही, हे त्यांना चालण्यातूनच सांगायचंय.

दारावरच पाटी आहे: बीवायओबी. आपली बाटली आपण आणा. आत जेमतेम डझनभर टेबलं, त्यांवर कागदी आच्छादनं. प्रत्येक टेबलाच्या पायाशी कसली ना कसली पिशवी. एका कोपऱ्यात तर चक्क पिकनिकचा आइसबॉक्स ठेवलाय.

वेट्रेस पन्नाशीची, केसात पेन्सिल खोचलेली. कॉर्कस्क्रू घेऊन येते, नाशिकची शिराझ हातात घेते आणि हसते. फिरकीचं झाकण आहे, कॉर्कस्क्रू लागतोय कशाला! दुसरी बाटली किआन्ती क्लासिकोची, गळ्यावर काळा कोंबडा. ती मात्र नीट बुचाची आहे. बूच ‘फट्’ करून निघतं, आई दचकतात आणि लगेच मेनूकार्डात डोकं घालतात.

किआन्ती आम्ही येता येता घेतली. या राज्यात एका मालकाला दारूविक्रीचे दोनच परवाने मिळतात, त्यामुळे बहुतेक सुपरमार्केटांत वाइन नसतेच. नाक्यावरचं दुकान गाठावं लागतं. तिथं गल्ल्यावर गुजराती काका. स्वतः थेंब घेत नाहीत, पण जेवायला काय आहे ते विचारून बाटली अचूक काढून देतात. ‘टोमॅटो असेल तर हीच,’ म्हणाले. बरोबरच आहे. किआन्तीतल्या सांजोवेझे द्राक्षाला मुळात आंबटपणा असतो, म्हणून टोमॅटोपुढे ही वाइन टिकते. गोडसर, जाड रेड वाइन मरिनाराबरोबर घेतली की तोंडात नुसता गोंधळ होतो.

“यांचा स्वतःचा बार का नाही?” भाऊजी विचारतात.

माझ्या नवऱ्याला हेच हवं असतं. दर 3,000 लोकवस्तीमागे हॉटेलाला दारू विकायचा एक परवाना, असा न्यू जर्सीचा कायदा. नटलीची वस्ती तीस हजारांच्या आसपास, हिशेब करा. त्यामुळे जुने परवाने जमिनीसारखे विकले जातात, काही गावांत दहा लाख डॉलरच्या वर. टोमॅटोच्या सॉसवर पोट भरणारा माणूस ते कुठून आणणार? मग गिऱ्हाइकानेच वाइन किंवा बिअर आणायची. व्हिस्की-रम नाही. बाटली उघडून दिल्याचे पैसे मालकाने घ्यायचे नाहीत, हेही कायद्यातच. नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये त्याचेच तीस-चाळीस डॉलर सहज लावतात.

“आणि 2018 पर्यंत ‘बाटली आणा’ अशी जाहिरात करायलाही बंदी होती,” नवरा आवाज खाली आणतो. “कोर्टात जाऊन ती कुणी उठवली माहितेय? अटलांटिक सिटीतल्या एका...” आईंकडे बघून तो थांबतो. “...क्लबने.”

“कसला क्लब?” आई.

“नाचाचा.”

“बरं झालं,” आई म्हणतात आणि ब्रेड तेलात बुडवतात.

तेवढ्यात जेवण येतं. आईंसाठी लसूण-तेलातली स्पगेटी, वर कुटलेली लाल मिरची, चीज अजिबात नको म्हणून दोनदा बजावलेलं. खऱ्या पार्मेजानोत वासराच्या जठरातलं रेनेट असतं, ते माळकऱ्याला कसं चालावं? लसूण पातळ कापांचा आहे, कडेला जेमतेम सोनेरी. आणखी अर्धा मिनिट कढईत राहता तर कडू झाला असता. आमच्या वांग्याच्या पार्मिजानाचे थर सुरीखाली सुटत नाहीत, तरी वांगं गिचका झालेलं नाही. इथं जेवण चांगलं असण्यामागे मला तरी व्यवहारच दिसतो. इतर हॉटेलं वाइनवर दुप्पट-तिप्पट लावून कसर काढतात. याच्याकडे तो गल्लाच नाही. वांगं बिघडलं तर सगळंच बिघडलं.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारं इटालियन जोडपं बसलंय. त्यांच्या बाटलीला लेबल नाही. आजोबा मघापासून आमच्या शिराझकडे बघतायत. शेवटी विचारतातच, “कुठली?”

“इंडिया. नाशिक.”

“इंडियात द्राक्षं?” ते ग्लास पुढे करतात. भाऊजी ओततात. आजोबा घोट तोंडात घोळवतात, भुवया उंचावतात आणि त्यांची बाटली आमच्याकडे सरकवतात. घरच्या तळघरात केलेली. कॅलिफोर्नियाहून शरदात 36 पौंडांच्या पेट्या येतात, त्यातली झिन्फान्डेल. चव रांगडी, किंचित शिरक्याकडे झुकलेली. भाऊजी ‘व्हेरी गुड’ म्हणतात आणि पाण्याचा ग्लास उचलतात.

“तुमच्याकडे तोडणी कधी? सप्टेंबर?” आजोबा विचारतात.

नवरा माझ्याकडे बघतो, मी भाऊजींकडे. भाऊजी आयटीत.

“फेब्रुवारीत,” आई मराठीतच म्हणतात. काटा खाली ठेवतात. “सांग त्यांना. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. वर्षाला दोनदा कात्री, पीक एकदाच.”

आईंचं माहेर दिंडोरीचं. वडिलांची थॉमसन सीडलेसची बाग, मांडवाची. वाइनच्या द्राक्षाशी त्यांचा संबंध नाही, पण वेल शेवटी वेलच. नवरा भाषांतर करतोय आणि आजोबांनी खुर्चीच आमच्या बाजूला वळवलीय. दोनदा? मग वेल झोपते कधी? त्यांच्याकडे बर्फात सगळं निपचित पडतं. “आमच्याकडे झोपत नाही,” आई म्हणतात, “म्हणून तर आपणच ठरवायचं, कधी फुटू द्यायचं ते.”

आजोबांच्या परसातही एक वेल आहे, अंजिराच्या झाडाशेजारी. पानं भरपूर, घड नाहीत. फोन काढून ते फोटो दाखवतात. आई चष्मा लावतात, फोटो दोन बोटांनी मोठा करतात. किआन्तीचा ग्लास वाटेत येतो, तो त्या स्वतःच्या हाताने उचलून बाजूला ठेवतात.

वेट्रेस बिल ठेवते. दारात साडेआठचं गिऱ्हाईक ताटकळतंय. अशा ठिकाणी टेबल रिकामं होण्यावरच मालकाची कमाई, म्हणून नवरा घाईने टिप लिहितो, सढळ. वाइनचा आकडा बिलात नाही, म्हणून वीस टक्क्यांत भागवणं बरं नव्हे. भाऊजी उरलेल्या शिराझचं झाकण फिरवून घट्ट करतात. उघडलेली बाटली गाडीच्या डिकीतच जायला हवी.

“आई, उठायचं ना?”

“थांब रे. काय जंगल करून ठेवलंय बघ,” आई फोटोवर बोट आपटतात. “सांग त्यांना, जुन्या काड्यांचा मोह धरू नका. थंडी सरता सरता काडीला दोन डोळे ठेवा, बाकी सगळं उडवा.”

“दोनच?” आजोबा दोन बोटं वर करून विचारतात.

“दोनच,” आई म्हणतात. याला भाषांतर लागत नाही.