जिवंत पकडलेला उंदीर: पिंजरा, सुटका आणि त्यापुढचे काम

महाराष्ट्रातील घरांत उंदीर जिवंत पकडणारा पिंजरा कित्येक पिढ्यांपासून वापरात असला, तरी त्यामागचा हेतू बहुधा दयेचा नव्हता. रात्री भज्याच्या वासाने आत शिरलेला उंदीर सकाळी पिंजऱ्यासह पाण्याच्या बादलीत बुडवला जाई. आता अनेक कुटुंबे तोच पिंजरा, किंवा त्याची प्लास्टिकची नवी रूपे, उंदराला न मारता बाहेर सोडण्यासाठी वापरतात. रक्ताची गोठण्याची क्रिया थांबवणारी विषे उंदराला काही दिवस झिजवून मारतात, तर चिकट फळीवर अडकलेला उंदीर कातडी सोलवटून घेत तासन्‌तास तडफडतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळानेही चिकट सापळ्यांच्या विरोधात भूमिका घेतली असल्याने पिंजऱ्याकडे वळण्याची ही वृत्ती समजण्यासारखी आहे. मात्र एखादे साधन जीव घेत नाही एवढ्यावरून ते दयाळू ठरत नाही, आणि पिंजऱ्याच्या बाबतीत हा फरक पुढील तपशिलांतून स्पष्ट होतो.

पिंजऱ्यात नेमके कोण सापडले आहे हे ओळखणे ही या कामाची पहिली पायरी होय. घरातला लहान उंदीर, शास्त्रीय नावाने मस मस्क्युलस, साधारण १२ ते ३० ग्रॅम वजनाचा असतो आणि त्याची शेपटी जवळजवळ शरीराइतकीच लांब असते. माळ्यावर व छपरात वावरणारा काळा उंदीर त्याच्याहून कितीतरी मोठा असतो. त्याचे पिल्लू आकाराने लहान उंदराएवढे दिसले, तरी शरीराच्या मानाने मोठे डोके आणि मोठी मागची पावले यांवरून ते वेगळे काढता येते. याखेरीज पिंजऱ्यात पुष्कळदा चिचुंद्री अडकते. लांबट टोकदार मुस्कट, बारीक डोळे आणि उग्र दर्प असलेला हा प्राणी उंदरांच्या कुळातला नाही. तो झुरळे व किडे खातो आणि त्याच्या शरीराचा ऊर्जाव्यय इतका जलद असतो की काही तासांच्या उपासानेही त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून चिचुंद्री दिसताच तिला सोडून देणे हेच योग्य.

बाजारात मिळणाऱ्या पिंजऱ्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या, पारंपरिक प्रकारात आमिष एका आकड्याला टांगलेले असते आणि स्प्रिंगच्या ताणावरील झडप एका कांबीने उघडी धरलेली असते. उंदराने आमिष ओढले की आकडा हलतो, कांब सुटते आणि झडप बंद होते. हा पिंजरा मुळात मोठ्या उंदरासाठी घडवलेला असल्यामुळे त्याच्या जाळीची भोके पुष्कळदा एवढी मोठी असतात की लहान उंदीर आमिष खाऊन आल्या वाटेने निघून जातो, कारण सुमारे ६ मिलिमीटरच्या, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीएवढ्या, फटीतूनही तो अंग काढून घेऊ शकतो. दुसऱ्या प्रकारात आत निमुळते होत जाणारे तारेचे नरसाळे असते, त्यातून आत शिरता येते पण तारांची टोके आडवी येत असल्याने परतता येत नाही. त्यात एका रात्रीत अनेक उंदीर सापडतात खरे, परंतु अनोळखी नर एकमेकांना कडकडून चावत असल्याने ही सोय उंदरांना महागात पडते. तिसरा प्रकार कोपरात वाकलेल्या प्लास्टिकच्या नळीचा. उंदीर आमिषाच्या टोकाकडे गेला की त्याच्या वजनाने नळी कलते आणि दार मिटते. नळी सपाट फरशीवरच ठेवावी लागते आणि अगदी हलक्या पिल्लाच्या वजनाने ती कलत नाही.

पिंजरा कोठे ठेवावा हे उंदराच्या चालण्याच्या रीतीवरून ठरते. उघड्या जागेत उंदीर सहसा धावत नाही. मिशांनी भिंतीचा अंदाज घेत तो कडेकडेने जातो आणि त्याची रोजची फेरी बहुधा बिळापासून काही मीटरांतच संपते. त्यामुळे स्वयंपाकघराच्या मध्यभागी ठेवलेला पिंजरा रिकामा राहतो, तर ओट्याखाली किंवा गॅसच्या सिलिंडरमागे, भिंतीला चिकटून आणि तोंड त्याच्या वाटेवर येईल असा ठेवलेला पिंजरा लवकर भरतो. वाट शोधण्यासाठी तांदळाच्या दाण्याहून लहान, टोकदार लेंड्या पाहाव्यात, किंवा संशयित जागी रात्री रांगोळीची पातळ पूड पसरावी. सकाळी तिच्यावर पुढच्या पायांच्या चार आणि मागच्या पायांच्या पाच बोटांचे ठसे उमटलेले आढळतात. आमिष म्हणून भजे, सुक्या खोबऱ्याचा तुकडा किंवा शेंगदाण्याचा कूट चालतो, परंतु आकड्याच्या पिंजऱ्यात ते घट्ट अडकलेले असावे, कारण सुटे दाणे उंदीर झडप न पाडताच उचलून नेतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून त्याच्यासाठी पिंजरा आधी काही रात्री न लावता नुसता आमिषासह ठेवावा लागतो; लहान उंदीर जात्याच चौकस असल्याने बहुधा त्याची गरज पडत नाही.

झडप पडल्यानंतरचे तास हा या प्रक्रियेतील सर्वांत दुर्लक्षित भाग होय. लहान शरीरातून उष्णता झपाट्याने निघून जाते, त्यामुळे थंडीच्या रात्री उघड्या जाळीत सापडलेला उंदीर गारठून मरू शकतो. उलट खिडकीतल्या उन्हात राहिलेली प्लास्टिकची नळी काही वेळातच तापते. वन्यजीव अभ्यासकांनी ही अडचण पूर्वीच ओळखली होती. १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये चिटी व केम्पसन यांनी मांडलेल्या लाँगवर्थ सापळ्यात पकडणाऱ्या बोगद्याला जोडून एक स्वतंत्र पेटी असते, तीत सुके गवत आणि खाद्य ठेवले जाते, आणि क्षेत्रकार्यात असे सापळे दिवसातून किमान दोनदा तपासण्याचा शिरस्ता आहे. घरगुती पिंजऱ्यातही मूठभर कापूस किंवा कागदाच्या पट्ट्या आणि पाण्यासाठी काकडीची एखादी फोड ठेवता येते. रात्री लावलेला पिंजरा पहाटे पाहणे आणि गावाला जाताना तो न लावणे एवढे पथ्य तरी पाळलेच पाहिजे, कारण विसरलेला पिंजरा हा उपासमारीने मारणारा सापळा असतो.

पिंजरा हाताळताना आरोग्याचा विचारही करावा लागतो. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली आणि १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसू हा त्या रोगाचा वाहक असल्याचे दाखवले. पावसाळ्यात मुंबई व कोकणात आढळणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग प्राण्यांच्या, विशेषतः उंदरांच्या, मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो. म्हणून हातमोजे घालावेत, पिंजऱ्यावर जुने फडके टाकावे, ज्यामुळे अंधारात उंदीरही शांत राहतो, लेंड्या कोरड्या झाडू नयेत, तर जंतुनाशकाने भिजवून पुसाव्यात, आणि पिंजरा साबणाच्या पाण्याने धुवावा.

सुटकेची जागा हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. इमारतीच्या कंपाउंडमध्ये सोडलेला उंदीर त्याच फटीतून परत येतो. दूर नेऊन सोडलेल्या उंदराला ना बीळ ठाऊक असते ना अन्नाची जागा, आणि नव्या परिसरातील मांजर, गव्हाणी घुबड किंवा धामण यांच्यापुढे तो फार काळ टिकत नाही. त्यातून घरातला उंदीर हा माणसाच्या आश्रयाने जगणारा प्राणी असल्याने रान हे त्याचे हरवलेले घर नव्हेच. शेताच्या बांधावर सोडल्यास धान्याचे नुकसान शेतकऱ्याच्या माथी येते, आणि दुसऱ्याच्या वस्तीजवळ सोडणे म्हणजे आपला त्रास शेजाऱ्याकडे ढकलणे होय. त्यातल्या त्यात बरा पर्याय म्हणजे घरापासून थोडे दूर, लोकवस्ती व धान्यकोठारे टाळून, झुडपे किंवा दगडांचा आडोसा असलेल्या जागी संध्याकाळी सोडणे. पिंजरा जमिनीवर टेकवून त्याचे दार आडोशाकडे करावे आणि मागे उभे राहावे. उंदीर बहुधा लगेच बाहेर पडत नाही, काही वेळ कोपऱ्यात अंग आक्रसून वास घेतो आणि मग एकाएकी धावतो, म्हणून पिंजरा हलवून त्याला झटकू नये. पकडलेल्या मादीची स्तनाग्रे स्पष्ट दिसत असतील, तर तिची पिल्ले घरातच कोठेतरी आहेत असे समजावे. पिल्लांचे डोळे सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात आणि ती साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुधावर असतात. आईला दूर नेल्यास ती बिळातच उपाशी मरतात आणि दयेचा सारा खटाटोप व्यर्थ जातो.

सुटका कितीही काळजीपूर्वक केली, तरी ती उंदरांची संख्या आटोक्यात आणत नाही. मादीचा गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा असून एका वेळी साधारण पाच ते आठ पिल्ले होतात, आणि ती दीड-दोन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. पिंजऱ्याचा वेग या वेगाला गाठू शकत नाही. त्यामुळे पिंजऱ्याचा खरा उपयोग उंदीर कोणत्या वाटेने येतात हे कळण्यासाठी आहे, आणि ते कळताच ती वाट बंद करायला हवी: नळांभोवतीच्या फटी तारेची घासणी कोंबून वर सिमेंटने लिंपाव्यात, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी, दाराखालच्या फटीला पट्टी लावावी, धान्य घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावे आणि खरकटे रात्रभर उघडे राहू देऊ नये. उंदराला जीवदान देऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने पिंजऱ्याबरोबर सिमेंटची पुडीही आणावी, कारण जो उंदीर घरात शिरूच शकत नाही, त्याला पकडण्याची आणि सोडण्याची वेळ येत नाही.