वर्षाचं भाडं ८८ सेंट, रोजच्या प्रार्थना तीन

दक्षिण जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात फुग्गेराय नावाची एक वसाहत आहे. पिवळसर भिंती, हिरव्या झडपा, रांगेनं उभी ६७ घरं आणि त्यांत १४०च्या आसपास बिऱ्हाडं. भाडं ८८ सेंट. महिन्याला नव्हे, वर्षाला! १५२१ साली दानपत्र झालं तेव्हा एक ऱ्हाइनिश गुल्डन ठरला होता, तोच आज युरोत मोजतात. (वीज, पाणी, हीटिंग वेगळं भरावं लागतं, कुणी सामान बांधायला घेण्याआधी सांगितलेलं बरं.) प्रत्येक दारावरच्या घंटेची मूठ निराळ्या आकाराची. रस्त्यावर दिवे नव्हते त्या काळात रात्री परतलेला माणूस मूठ चाचपून आपलं दार ओळखायचा.

भाडेकरू गरजू हवा, आउग्सबुर्गचा हवा आणि कॅथलिक हवा. शिवाय त्यानं रोज तीन प्रार्थना म्हणायच्या: येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना, मरियेची प्रार्थना आणि विश्वासाचा अंगीकार. कुणासाठी? वसाहत बांधणाऱ्या याकोब फुगरसाठी आणि त्याच्या घराण्यासाठी. तो १५२५ साली वारला. पाचशे वर्षं झाली, करार अजून चालू आहे.

हा फुगर म्हणजे त्या काळचा युरोपातला बडा सावकार. सम्राटाची निवडणूकसुद्धा त्याच्या कर्जावर लढली गेली. व्याजाला चर्चचा विरोध आणि फुगरचं तर सगळं वैभव पैशाच्या उलाढालीवर उभं. मग आत्म्याचं काय? त्याच्या पेढीच्या हिशेबात आउग्सबुर्गचे संत उलरिख यांच्या नावानं चक्क एक खातं होतं. दानधर्माचा पैसा त्यात जमा व्हायचा. मला या खात्याचं फार कौतुक वाटतं. इतर खातेदारांसारखाच एक खातेदार, फक्त तो स्वर्गात!

याच पेढीचा दुसरा व्यवहार मात्र युरोपला फार महाग पडला. ब्रांडेनबुर्गच्या अल्ब्रेख्त या तरुण सरदारपुत्राला १५१४ साली माइन्त्सचं आर्चबिशपपद मिळालं. त्यासाठी रोमला भरायची रक्कम त्यानं फुगरकडून उचलली. ती फेडण्यासाठी त्याच्या मुलखात माफीपत्रं विकायची परवानगी मिळाली: निम्मे पैसे रोममधल्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला, निम्मे फुगरच्या कर्जाला. योहान टेट्झेल हा संन्यासी गावोगाव प्रवचनं देत फिरायचा आणि फुगरची माणसं पेटीवर लक्ष ठेवायची.

शास्त्राप्रमाणे या पत्रानं पाप धुतलं जात नव्हतं. पापाची क्षमा पश्चात्तापानं आणि कबुलीनं मिळायची. मात्र क्षमेनंतरही काही शिक्षा भोगायची उरते, ती इथे नाहीतर मेल्यावर शुद्धिस्थानात, आणि त्या शिक्षेत सूट देणारं हे पत्र. पण बाजारात उभ्या शेतकऱ्याला हा बारकावा कोण सांगणार? त्याला एवढंच कळलं की पैसे दिले की सुटका. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी विटेनबर्गच्या मार्टिन ल्यूथरनं यावर ९५ मुद्दे लिहून थेट अल्ब्रेख्तलाच धाडले. पुढच्या वर्षी पोपचा प्रतिनिधी कार्डिनल कायेतान यानं त्याची चौकशी केली ती आउग्सबुर्गमध्ये, फुगरच्याच वाड्यात. ल्यूथरचा मुक्काम होता सेंट ॲना मठात. या मठाच्या चर्चमध्ये फुगरनं स्वतःच्या समाधीसाठी देखणं चॅपेल बांधून ठेवलं होतं.

माफीपत्रं हे निमित्त. खरा प्रश्न त्याच्या कितीतरी आधीचा आहे आणि तो बायबलमध्येच धगधगतो आहे. माणसाचं तारण कशानं होतं, विश्वासानं की कर्मानं? पौल आणि याकोब, दोघं नव्या करारातले पत्रलेखक. दोघं एकच साक्षीदार बोलावतात, अब्राहाम. दोघं उत्पत्तीच्या पुस्तकातलं एकच वाक्य पुढे करतात: अब्राहामानं देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याचं नीतिमत्त्व धरलं गेलं. आणि निकाल काढतात उलटे! पौल म्हणतो, माणूस कर्मांवाचून, विश्वासानं नीतिमान ठरतो. याकोब म्हणतो, नुसत्या विश्वासानं नाही, कर्मांनीही.

हे कसं जमतं ते पाहण्यासारखं आहे. पौल घड्याळ पाहतो. ते वाक्य पंधराव्या अध्यायात आहे: रात्र आहे, आकाशात तारे आहेत, निपुत्रिक म्हाताऱ्याला संततीचं वचन मिळतं आहे. सुंतेची आज्ञा यायची आहे सतराव्या अध्यायात आणि मोशेचं नियमशास्त्र तर कित्येक पिढ्यांनी. मग कुठल्या कर्मानं तो नीतिमान ठरला? काहीच केलं नव्हतं त्यानं. याकोब बोट ठेवतो बाविसाव्या अध्यायावर, जिथे अब्राहाम पोटच्या इसहाकाला वेदीवर चढवतो, आणि म्हणतो की ते जुनं वाक्य खरं झालं ते इथे.

दोघांच्या डोळ्यांपुढची माणसंही वेगळी होती. परकीयांनी आधी सुंता करावी, मगच त्यांना आपल्यात घेऊ, असं म्हणणाऱ्यांशी पौल भांडत होता. याकोबाचा राग होता उघड्या-उपाशी भावाला नुसता तोंडभर आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्यांवर. ल्यूथरला मात्र ही समजूत पटली नाही. १५२२च्या आपल्या जर्मन नव्या करारात त्यानं याकोबाचं पत्र शेवटाकडे ढकललं, अनुक्रमणिकेत त्याला क्रमांकही दिला नाही आणि प्रस्तावनेत त्याची संभावना गवताच्या काडीशी केली.

म्हणून ल्यूथर सत्कर्मांच्या विरोधात होता, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. चांगलं काम देवाला नको आहे, शेजाऱ्याला हवं आहे, असा त्याचा रोख. तारण फुकट मिळालं, आता हात रिकामे आहेत, लागा कामाला! आणि कॅथलिक चर्च कर्मं विकत बसलं होतं, हेही तितकंच खोटं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५४७ साली या विषयावर ठराव केला, त्यातलं पहिलंच कलम सांगतं की ख्रिस्ताच्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी कुणीही देवापुढे नीतिमान ठरत नाही. ल्यूथरनं आनंदानं सही केली असती. पण तो आदल्या वर्षीच वारला होता.

मग भांडण उरलं कुठे? कृपा आल्यानंतर माणूस काही करतो की नाही, इथे. ट्रेंटच्या मते देव माणसाला आतून खरोखर नीतिमान करतो. माणसाची इच्छा त्याला होकार देते आणि सत्कर्मांनी ते नीतिमत्त्व वाढतं. ल्यूथरच्या मते माणूस नीतिमान ठरतो तो ख्रिस्ताच्या पुण्यावर, स्वतःच्या नव्हे, आणि त्यात भर घालायला जागाच नाही. आपल्याकडे मर्कटन्याय आणि मार्जारन्याय सांगतात: माकडाचं पिलू आईला घट्ट धरून असतं, मांजराचं नुसतं तिच्या तोंडात लोंबकळतं. रुडॉल्फ ओटो या जर्मन लुथरन पंडितानंही भारतातल्या भक्तिमार्गांशी ख्रिस्ती कृपेची तुलना करणारं पुस्तक १९३० साली लिहिलं. ल्यूथर मांजराच्या बाजूचा. ट्रेंटला मात्र माकडाचा म्हणताना मी थोडा अडखळतो, कारण त्यांच्या हिशेबी धरायचं बळसुद्धा आईच देते.

फुग्गेरायकडे या नजरेनं पाहिलं की गंमत वाटते. बांधणाऱ्याच्या बाजूनं ते पुण्यकर्म, खात्यावर नोंदलेलं. राहणाऱ्याच्या बाजूनं जवळजवळ निव्वळ कृपा: ८८ सेंटांत कुणी घर कमावत नसतं. भिंत तीच, पण आत राहणारा पौलाच्या बाजूनं साक्ष देतो आणि बाहेरचा दाता याकोबाच्या.

१९९९ साली, ३१ ऑक्टोबरलाच, लुथरन जागतिक संघ आणि व्हॅटिकन यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण कृपेनं, ख्रिस्तावरच्या विश्वासानं. सत्कर्मं त्यामागून येतात. सोळाव्या शतकात एकमेकांना दिलेले शाप या घोषणापत्रात मांडलेल्या शिकवणीला लागू नाहीत. जागा आउग्सबुर्ग, सेंट ॲना चर्च. ते आता लुथरन आहे आणि कट्टर कॅथलिक फुगर तिथेच आपल्या चॅपेलमध्ये विसावला आहे. पुढे मेथडिस्ट, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड चर्चही या करारात सामील झाले. जर्मनीतल्या अनेक लुथरन प्राध्यापकांनी मात्र आधीच जाहीर विरोध नोंदवला होता: मतभेद मिटले नाहीत, शब्दांनी झाकले गेले, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. सह्यांना दोन महिने व्हायच्या आत, २४ डिसेंबरला पोप दुसरे जॉन पॉल यांनी सेंट पीटर्सचं पवित्र द्वार उघडलं आणि २०००चं जयंती वर्ष सुरू झालं. त्या निमित्तानं भाविकांसाठी शिक्षामाफीही, माफीपत्रांतली तीच सूट, जाहीर झाली होती. ती विकण्यावर सोळाव्या शतकातच बंदी आली, त्यामुळे पैशाची पेटी कुठे नव्हती. पापकबुली, प्रभुभोजन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना हे नेहमीचं होतंच. त्यांच्या जोडीला करायच्या कृतींची यादी होती. तीर्थयात्रा, आजाऱ्यांची, कैद्यांची भेट, आणि एक असंही: दिवसभर सिगारेट किंवा दारू सोडायची आणि वाचलेले पैसे गरिबांना द्यायचे.