ब्राह्मी, संगणक आणि हरवलेली स्मृती



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे, आणि बहुतेकांनी ती कधी ना कधी हसत वापरलीही असेल. परंतु ज्या घरात वडील आपल्याच मुलास “आपण कोण?” असे विचारतात, त्या घरात ही म्हण कोणी उच्चारीत नाही. आपल्या वाकोल्यासारख्या दाट वस्तीत, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, असा रुग्ण सांभाळावयाचा म्हणजे रात्री दाराला कडी घालून जागे राहावयाचे. अशा घरातील माणूस भेटला की विचारतो, “ब्राह्मी सुरू करू का हो?” आणि अलीकडे तो पुढे म्हणतो, “संगणकाने वनौषधींतून यावर औषध शोधले, असे वाचले. खरे का ते?” या दोन प्रश्नांचा आज विचार करू. प्रश्न थोड्यांचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अखिल भारतीय पाहणीनुसार साठी उलटलेल्या दर शंभरांत सुमारे सात जणांस स्मृतिभ्रंश आहे. एकंदर संख्या सुमारे ८८ लाख.

स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक. त्यांतील मुख्य म्हणजे जर्मन वैद्य अल्झायमर यांनी १९०६ साली वर्णिलेला रोग. यात मेंदूत काही प्रथिने साचत जातात, पेशी मरतात, आणि ‘ॲसिटिलकोलीन’ नावाचा निरोप्या कमी पडू लागतो. निरोप पोहोचला की हा निरोप्या तोडून टाकणारे एक विकरही मेंदूत असते. त्या विकरास थोडे आवरले, तर उरलेला निरोप्या अधिक वेळ टिकतो. डोनेपेझिल हे औषध हेच करते. त्याने काही काळ थोडा आधार मिळतो. रोग थांबत नाही.

आता वनस्पतींकडे वळू. तेथे औषध शोधणे म्हणजे भाबडेपणा, असे कोणी समजू नये. याच विकरास आवरणारे गॅलँटामीन हे द्रव्य पूर्व युरोपातील ‘स्नोड्रॉप’ या फुलझाडाच्या अभ्यासातून १९५० च्या दशकात पुढे आले, आणि २००१ साली अमेरिकेत स्मृतिभ्रंशाचे औषध म्हणून मान्य झाले. रिव्हास्टिग्मीन या दुसऱ्या औषधाचे मूळ आफ्रिकेतील एका विषारी शेंगेच्या द्रव्यात आहे. घरचेच उदाहरण हवे असेल, तर मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण रुग्णांवर पाहून, मोजून जगापुढे मांडला. १९५२ साली तिच्यातून रिसर्पीन वेगळे काढण्यात आले. पुढे त्याच औषधाने काही रुग्णांस औदासीन्य येते, असेही दिसले. झाडपाल्याचे म्हणून निरुपद्रवी, हा समज तेव्हाच मोडावयास हवा होता.

मग संगणक यात काय करतो? घराची किल्ली हरवली की आपण किल्लीवाल्याला बोलावतो. तो जुडग्यातील एकेक किल्ली कुलपाला लावून पाहतो. संगणकाचे काम असेच आहे. कुलूप म्हणजे ते विकर. १९९१ साली इस्राएलमधील वाइझमन संस्थेत, विजेचा धक्का देणाऱ्या एका माशातील या विकराची घडण अणूअणूनिशी उलगडली. एका खोल, अरुंद घळीच्या तळाशी त्याचे काम चालते असे दिसले. जुडगा म्हणजे वनस्पतींतील रसायने. चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेतील संशोधकांनी भारतीय औषधी वनस्पतींची एक सूची सिद्ध केली. २०१८ च्या पहिल्या आवृत्तीत १,७४२ वनस्पती व ९,५९६ रसायने होती. पुढील आवृत्तीत ४,०१० वनस्पती आणि सुमारे अठरा हजार रसायने आली. किल्ली कुलपात बसविण्याची गणिती रीत कॅलिफोर्नियातील कुंत्झ यांनी १९८२ साली मांडली होती. आपल्या शेजारी कलिन्यात, १९५७ साली स्थापन झालेल्या बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसीत, प्रा. इव्हान्स कुटिन्हो व त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा संगणकीय औषधरचनेचे काम वर्षानुवर्षे केले आहे.

हजारो रसायने प्रयोगशाळेत तपासण्यास वर्षे लागतील. संगणक ती काही दिवसांत चाळतो आणि तपासण्यास योग्य अशी थोडी पुढे काढून ठेवतो. त्याचे मोल येथे आहे, आणि मर्यादाही येथेच. किल्ली कुलपात बसली म्हणजे कुलूप उघडलेच, असे नाही. शिवाय किल्ली दारापर्यंत पोहोचली पाहिजे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पहारेकरी पडदा आहे. पुष्कळ द्रव्ये तो आत सोडीत नाही. हळदीतील कर्क्युमिन तर आतड्यातूनच रक्तात फार थोडे उतरते. आणि शेवटची कसोटी माणसावरच. गिंको या प्रसिद्ध वनस्पतीचा अर्क अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांवर, सरासरी सहा वर्षे, पारखला गेला. स्मृतिभ्रंश टळत नाही, असा निष्कर्ष २००८ साली निघाला. ‘संगणकाने औषध शोधले’ या बातमीचा अर्थ बहुधा ‘संगणकाने एक उमेदवार सुचविला’ एवढाच असतो.

ब्राह्मीविषयी तर आधी नावापासूनच घोळ आहे. कोणी मंडूकपर्णीला ब्राह्मी म्हणतात, कोणी पाणथळीच्या नीरब्राह्मीला. दोन्हींतील रसायने निराळी. बाटलीत कोणती वनस्पती आहे हेच ठाऊक नसेल, तर संगणक बिचारा काय करील? नीरब्राह्मीचे निरोगी माणसांवर काही लहान प्रयोग झाले असून स्मरणाच्या काही चाचण्यांत थोडा लाभ दिसला आहे. परंतु जडलेला स्मृतिभ्रंश तिने थांबतो, असे सिद्ध झालेले नाही.

तेव्हा त्या घरच्या माणसास काय सांगावे? आधी निदान करून घ्या. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, औदासीन्य यांनीही विसराळूपणा येतो, आणि त्यांवर उपचार आहेत. ब्राह्मीच्या भरवशावर सहा महिने घालविले, तर बरा होऊ शकणारा माणूस हातचा जावयाचा. दुसरे असे की काढा असो वा चूर्ण, डॉक्टरांपासून लपवू नका. विकरास आवरणारे औषध चालू असता त्याच कुलपाला दुसरी किल्ली लागली, तर नाडी मंदावण्याचा धोका असतो. आणि तिसरे, वृद्धांची श्रवणशक्ती, रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणा यांकडे आजच लक्ष द्या. त्यांचा या रोगाशी असलेला संबंध पुष्कळ अभ्यासांतून पुढे आला आहे.

पूर्वजांनी वनस्पती ओळखून ठेवल्या, हे त्यांचे आपल्यावरील ऋण. ते फेडावयाचे तर त्यांचे म्हणणे तपासून पाहावे लागेल. खरे ठरेल ते जपावे, खोटे ठरेल ते मोकळेपणी सोडावे. तोवर दाराशी जागणाऱ्या त्या मुलास आपण निदान खोटी आशा विकू नये, आणि एखाद्या रात्री त्याच्या जागी जाऊन बसावे.