उपचारांतील सातत्य आणि परिचारिका

न्यूमोनियाचा रुग्ण बरा झाला की त्याचा रुग्णालयाशी असलेला संबंध बहुधा संपतो. मधुमेह व उच्च रक्तदाब यांचे तसे नाही. निदान एकदाच होते. औषध, आहार व तपासणी यांचा क्रम मात्र आयुष्यभर चालवावा लागतो. रायपूर येथे 2012 पासून 'एम्स'सारखी संस्था आहे. परंतु आरंग वा अभनपूरकडील शेतमजुराने केवळ महिन्याच्या गोळ्यांसाठी शहर गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. वाढलेला रक्तदाब अनेकदा जाणवतही नाही. गोळी सुटते आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. कर्जाचा हप्ता चुकल्यास बँकेचे स्मरणपत्र तरी येते!

हे सातत्य राखण्याचे काम अधिक शिक्षण घेतलेली परिचारिका उत्तम करू शकते. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड व डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी 1965 मध्ये 'नर्स प्रॅक्टिशनर'चा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तो बालआरोग्यासाठी. पुढे हीच पद्धत दीर्घकालीन आजारांतही रुजली.

भारतात त्याच्या जवळचे पद म्हणजे उपकेंद्रातील सामुदायिक आरोग्य अधिकारी. या योजनेतील देशातील पहिले केंद्र छत्तीसगडमध्येच, बिजापूर जिल्ह्यातील जांगला येथे 14 एप्रिल 2018 रोजी सुरू झाले. या पदावर प्रामुख्याने परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या उमेदवारांची नियुक्ती होते. ज्यांच्या पदवीत सामुदायिक आरोग्याचा भाग नव्हता, त्यांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण दिले जाते. तीस वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब व रक्तशर्करा तपासणे, डॉक्टरांनी ठरविलेली औषधे महिन्याच्या महिन्याला देणे, गुंतागुंत दिसताच रुग्णास वर पाठविणे, ही त्यांची कामे. 2002 पासून गावोगावी कार्यरत असलेल्या 'मितानीन' भगिनी औषध सोडणाऱ्याच्या घरी जाऊन पोहोचतात.

प्रशिक्षणाचा मुद्दा गौण नव्हे. छत्तीसगडमधील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या 2010 च्या अभ्यासात तीन वर्षांचे वैद्यकीय शिक्षण घेतलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक डॉक्टरांच्या बरोबरीचे ठरले; असे शिक्षण न मिळालेल्या परिचारिका व इतर कर्मचारी मात्र मागे पडले. म्हणजे उणीव व्यक्तीची नसून तयारीची होती. केवळ पदनाम बदलून ती भरून निघणार नाही.

या केंद्रांतील तपासणी विनामूल्य असते. जाताना आधीची औषधचिठ्ठी व चालू गोळ्या सोबत न्याव्यात. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे वा अचानक बोबडी वळणे अशी लक्षणे दिसल्यास उपकेंद्रात न थांबता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.