चांदोली: वाघाची वाट पाहणारे रान

चांदोली राष्ट्रीय उद्यान सह्याद्रीच्या माथ्यावर, सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या शिवा जिथे एकमेकींना भिडतात तिथे पसरले आहे. क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर. १९८५ मध्ये हे रान अभयारण्य झाले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. २०१० मध्ये उत्तरेच्या कोयना अभयारण्याशी जोडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आकाराला आला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले, तेव्हा कास, कोयना आणि राधानगरीबरोबर चांदोलीचीही त्यात नोंद झाली.

नकाशावर ही जागा सतरा अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, म्हणजे उष्ण कटिबंधात येते. तरीही उंचीमुळे हवा गार राहते, पावसाळ्यात महिनोन्‌महिने धुके हटत नाही, आणि त्यामुळे माथ्यावरची झाडी सखल भागातल्या रानापेक्षा वेगळी होते. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये केलेल्या भारतीय वनांच्या वर्गीकरणात महाबळेश्वरपासून दक्षिणेकडच्या अशा माथ्यांवरील झाडीला उपोष्ण कटिबंधीय डोंगरी वन म्हटले आहे. उतारांवर निमसदाहरित आणि पानझडी जंगल त्यात मिसळते. उद्यानाला लागून असलेल्या पाथरपुंज येथे काही वर्षी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला गेला आहे. धाराशिव जिल्ह्यात बालाघाटाच्या पठारावर, भूम तालुक्यातल्या ईट परिसरात, सहा-सातशे मिलिमीटर पडला तरी साल चांगले म्हणायचे. राज्य एकच, पण घाटमाथ्याचे ढग पूर्वेकडे पोचेपर्यंत रिते झालेले असतात.

या रानाची ओळख अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांनी होते. सतत वाऱ्याचा मारा असलेल्या कड्यांवर ती खुरटी, गाठाळ राहतात, घळींत मात्र उंच वाढतात. त्यांच्या जोडीला हिरडा, आईन आणि कारवी. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. झाडी जिथे थांबते तिथे सडे सुरू होतात. बेसाल्टवर चढलेल्या जांभ्या खडकाच्या या उघड्या पठारांवर मातीचा थर बोटभरही नसतो. पावसाळा सरता-सरता तिथे गेंद आणि सीतेची आसवे फुलतात, ओलसर कडेला दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती चिकट पाने पसरते. सीतेची आसवेही पाण्यातले बारीक जीव पकडतात, कारण या खडकात नत्राची वानवा असते. सड्यांना नुसती ओसाड जमीन समजून खाणींसाठी मोकळे करणे हा या प्रदेशातला सर्वांत महागडा गैरसमज आहे.

वारणा नदी याच डोंगरांत उगम पावते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. चांदोली येथे तिच्यावर बांधलेल्या धरणात सुमारे ३४ टीएमसी पाणी साठते. वसंतसागर नावाचा हा जलाशय उद्यानाच्या पोटात लांबवर शिरला आहे.

रान आजच्या रूपात दिसते त्यामागे माणसांचे विस्थापन आहे, आणि ते सांगितल्याशिवाय चांदोलीचे वर्णन पुरे होत नाही. आधी धरणासाठी, मग अभयारण्यासाठी झोळंबी, निवळे, गोठणे, रुंदीव अशी कितीतरी गावे उठली. पुनर्वसनाच्या जमिनी आणि सोयींसाठी धरणग्रस्तांनी आणि अभयारण्यग्रस्तांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. त्यांनी सोडलेली भातखाचरे आणि वरकस जमिनी पुढे गवताळ कुरणे बनल्या. जंगलात हाच चारा सर्वांत मोलाचा. गव्यांचे कळप आज जिथे चरतात, त्यांतले कित्येक पट्टे जुन्या गावांचे शिवार आहेत. ही कुरणे राखली नाहीत तर झुडपे ती गिळतात, म्हणून वनखात्याला त्यांची निगा घ्यावी लागते.

गवा हा इथला सर्वांत ठळक प्राणी. सांबर दाट झाडीत राहते, भेकर एकटे फिरते, आणि जेमतेम तीन किलो वजनाचे पिसोरी रात्रीच बाहेर पडते. झाडांच्या शेंड्यांवर महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू एकापेक्षा जास्त घरटी बांधतो. त्याला सलग छत्र लागते. मध्ये रान तुटले की त्याची ये-जा थांबते. अस्वल, बिबट्या आणि टोळीने शिकार करणारे रानकुत्रे यांचा वावर आहे. सावज वाढावे म्हणून सागरेश्वर अभयारण्यातून चितळही इथे आणले गेले.

वाघ मात्र अनेक वर्षे पाऊलखुणा आणि विष्ठेपुरताच होता. मे २०१८ मध्ये चांदोलीत त्याचे छायाचित्र स्वयंचलित कॅमेऱ्यात आले, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एक नर टिपला गेला. इथे येणारे नर दक्षिणेकडून, राधानगरी आणि त्याखालच्या रानांतून येतात. मादी सहसा आईच्या मुलुखाजवळच ठाण मांडते, त्यामुळे दूरच्या रानात आधी नर दिसतात आणि पिल्ले होत नाहीत. चांदोलीची खरी अडचण इथे होती. केंद्राने आठ वाघ आणण्यास परवानगी दिल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबा परिसरातली तरुण वाघीण इथे आणली गेली.

या हालचालीत धाराशिवचाही संबंध आला. डिसेंबर २०२४ मध्ये येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात एक नर वाघ कॅमेऱ्यात दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरमधून तो शेकडो किलोमीटर शेतशिवारांतून चालत आला होता. येडशीचे अभयारण्य बावीस-तेवीस चौरस किलोमीटरचे. एका नराला ते अपुरे, म्हणून तो बार्शीकडेही भटकू लागला आणि जनावरे मारू लागला. त्याला पकडून सह्याद्री प्रकल्पात सोडण्याचा निर्णय झाला, पण पकडमोहिमेला तो चकवा देत राहिला. मराठवाड्याच्या उघड्या माळावरून इतके अंतर कापणारा वाघ हे दाखवतो की चालण्याची ताकद त्याच्यात आहे. वाटेत आडोसा आणि पोचल्यावर पुरेसे रान हवे.

वाघीण आणल्याने ही गरज संपत नाही. मोजक्या वाघांची वीण पुढे आपसातच होत राहिली तर वंश दुबळा होतो. म्हणून चांदोली ते राधानगरी, तिथून तिलारी आणि कर्नाटकातले काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान अशी जंगलाची पट्टी टिकणे आवश्यक आहे. आंबा घाटातून जाणारा कोल्हापूर-रत्नागिरी महामार्ग ही पट्टी आडवा छेदतो. शाहूवाडीतल्या सड्यांना बॉक्साइटच्या खाणींची झळ बसली आहे, आणि खासगी मालकीच्या रानात तोड चालते. संरक्षित क्षेत्राबाहेरचे हे तुकडे राखायचे तर तिथल्या गावांना जनावरांच्या नुकसानीची भरपाई वेळेवर मिळावी लागेल आणि महामार्गांवर प्राण्यांसाठी भुयारी वाटा कराव्या लागतील.